विकरांचे ऋण

रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून संशोधनाला लागले, तेव्हा साखर म्हणजे शरीराचे इंधन, एवढेच मला ठाऊक होते. प्रत्येक पेशीच्या अंगावर साखरेच्या साखळ्या असतात आणि विषाणूपासून प्रतिपिंडापर्यंत अनेकजण त्यांच्यावरूनच पेशी ओळखतात, हे कधीतरी वाचले असेल. मनात रुजले नव्हते.

ते रुजवले माझ्या मार्गदर्शक मॅडमनी, रक्तगटांचे उदाहरण देऊन. ए आणि बी गटांतला फरक टोकाच्या एका साखरेचा: ए गटात एन-ॲसिटिलगॅलॅक्टोसामाइन, बी गटात गॅलॅक्टोज. पण ती बसण्याआधी साखळीला फ्युकोज जोडलेले असावे लागते. ज्यांच्या रक्तपेशींत फ्युकोज जोडणारे विकर (एन्झाइम) काम करत नाही, त्यांचा गट बॉम्बे. डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ साली मुंबईत त्याची नोंद केली. या माणसांना ओ गटाचे रक्तही चालत नाही. एका विकराची उणीव जिवावर बेतू शकते, हे ऐकून मी पहिल्यांदा या विषयाकडे नीट पाहिले.

माझ्या वाट्याला आलेले काम दिसायला लहान होते: गॅलॅक्टोज आणि एन-ॲसिटिलग्लुकोसामाइन या दोन साखरा एकमेकींना जोडायच्या. अडचण अशी, की साखरेच्या रेणूवर हायड्रॉक्सिल गट बरेच, आणि ते वागायला जवळजवळ सारखे. हवा तो एकच मोकळा ठेवून बाकीचे झाकायचे, जोड करायची, मग झाकलेले सगळे उघडायचे. प्रत्येक पायरीनंतर कॉलमवर शुद्धीकरण, आणि प्रत्येक वेळी हाती माल थोडा कमी. डीएनए किंवा प्रथिनांसारखा साखळीचा क्रम साच्यात लिहिलेला नसतो. पेशीतली विकरे एकामागून एक साखर जोडत जातात. हे मला पाठ होते, तरी पेशीची रीत आपणही वापरावी, असे सुचले नाही. रासायनिक कौशल्य वाढवले की प्रश्न सुटेल, असे वाटत राहिले.

मॅडमनी मला लुईस लेलॉयर यांचे काम वाचायला लावले. ब्वेनोस आयरेसमध्ये, एका कापड उद्योजकाच्या देणगीवर उभ्या राहिलेल्या संस्थेत, त्यांनी शर्करा-न्यूक्लिओटाइडे शोधली. साखर यूडीपीसारख्या वाहकाला बांधलेली असली की विकर ती उचलून नेमक्या जागी जोडते. त्यासाठी त्यांना १९७० सालचे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

त्यानंतर मॅडमनी दुसऱ्या एका प्रयोगशाळेला पत्र लिहिले. पाकिटातून आला गाळणकागदाचा एक तुकडा, त्यावर पेन्सिलीने आखलेले वर्तुळ. वर्तुळात वाळलेला डीएनए होता: मेंदूज्वराच्या जिवाणूतले गॅलॅक्टोज जोडणारे जनुक. ते ई. कोलायमध्ये घातले, विकर तयार करून घेतले, निकेलच्या कॉलमवर शुद्ध केले. मग ते यूडीपी-गॅलॅक्टोज आणि एन-ॲसिटिलग्लुकोसामाइन यांच्यासोबत पाण्यात, थोडे मँगनीज घालून, ३७ अंशांना ठेवले. काही झाकले नाही, काही उघडले नाही. टीएलसीच्या प्लेटवर नवा ठिपका उमटला. जोड बीटा १-४ होती, हवी होती तीच.

पण यूडीपी-गॅलॅक्टोज फार महाग, आणि उरलेले यूडीपी विकरालाच अडवते. यावरची वाटही आधीच कुणीतरी घालून ठेवली होती. ची-ह्युई वाँग आणि जॉर्ज व्हाइटसाइड्स यांनी १९८२ साली दाखवले होते, की उरलेले यूडीपी त्याच भांड्यात इतर विकरांकरवी पुन्हा कामाला लावता येते. मला फक्त त्यांच्या वाटेने जायचे होते.

पुढे त्याच साखरेवर आम्ही सियालिक आम्ल जोडले, एका विकराने २-३ जागी, समुद्री जिवाणूच्या दुसऱ्या विकराने २-६ जागी. पक्ष्यांचा फ्लू मुख्यतः पहिल्या जोडाला चिकटतो, माणसांचा दुसऱ्याला. विषाणूचा कल माणसाकडे वळतो आहे का, हे तपासणाऱ्यांना दोन्ही साखरा शुद्ध आणि नेमक्या लागतात. विषाणूचा अभ्यास त्यांचा; आमचे काम त्यांच्या हातात खात्रीचा रेणू देण्याचे. या कामातली धन्यता मला विकरांनी शिकवली. एक विकर एकच जोड करते, पण ती चोख करते.

माझ्या हातून जे थोडे झाले, त्यातले जवळजवळ सारेच मागून आणलेले आहे: जिवाणूंचे जनुक, लेलॉयर यांची दृष्टी, अनोळखी प्रयोगशाळेने विनामूल्य पाठवलेला डीएनए, मॅडमचे एक पत्र. हे ऋण ज्यांचे त्यांना फेडता येत नाही. म्हणून या क्षेत्रातल्या तरुण मित्रांना एवढेच सांगते: कुणी तुमच्याकडे जनुक मागितले, विकर मागितले, पद्धत विचारली, तर द्या. लगेच द्या, आणि सोबत नीट लिहूनही द्या.