लेकराचा वाटा

आमच्या गोमंतकात मूल जन्मले म्हणजे त्याचे नाव सर्वांआधी कोणाच्या कानी पडे? त्या मुलाच्याच. बारशाच्या दिवशी आत्या पाळण्यावर वाकून ते नाव बाळाच्या कानात सांगे आणि मगच ते बाहेर जमलेल्या गोतावळ्यास ऐकू येई. ज्याचे नाव त्यानेच ते प्रथम ऐकावे, हा त्या विधीतला संकेत आम्हांस नेहमीच मोठा मार्मिक वाटत आला आहे. तत्पूर्वीचे दिवस बाळंतिणीच्या खोलीत परक्याचे पाऊल सहसा पडत नसे, आणि मूल बाहेर न्यावयाचे झाले तर गालावर काजळाची तीट लावल्यावाचून ते नेत नसत. पेडण्यात काय, डिचोलीत काय, हे विधी आजही घरोघरी होतात. क्रम तेवढा पालटला आहे. मूल प्रसूतिगृहातून घरी पोहोचण्यापूर्वीच त्याचे छायाचित्र, वजन आणि जन्मवेळ फेसबुकावर गेलेली असते. आत्या पाळण्याशी वाकते तेव्हा शेकडो लोकांनी ते नाव वाचून अभिनंदनही केलेले असते. अखेरचा ऐकणारा तेवढा पाळण्यात उरतो.

यात आईबापांच्या मनात पाप नसते, हे आम्ही जाणतो. आमच्या या दोन्ही तालुक्यांतले कितीतरी तरुण आखातात किंवा बोटीवर नोकरीस आहेत. ज्या बापाच्या नशिबी लेकराचे पहिले पाऊल प्रत्यक्ष पाहणे नाही, त्यास ते मोबाईलच्या पडद्यावर पाहावयास मिळावे, यासारखा दुसरा आनंद नाही. परंतु बापास पाठविणे निराळे आणि चव्हाट्यावर मांडणे निराळे. पहिले पत्र आहे. दुसरी दवंडी आहे.

यावर कोणी म्हणेल की, पेडण्याच्या पुनवेस बाप मुलास खांद्यावर घेऊन श्रीभगवतीच्या प्रांगणात उभा राहतो, शिरगावी श्रीलईराईच्या जत्रेत लहान धोंड हजारो लोकांच्या देखत चालतात. तेथे नाही दृष्ट लागत, ती येथेच कशी लागते? उत्तर सोपे आहे. जत्रा पांगते. पहाट होते, दुकानांच्या पाली उठतात, पाहणारे आपापल्या गावी जातात आणि ते मूल कोणाच्याही स्मरणात राहत नाही. मोबाईलमधली जत्रा पांगतच नाही. तेथे आलेला प्रत्येक जण मुलाचे रूप आपल्या झोळीत घालून नेऊ शकतो आणि दहा वर्षांनी पुन्हा बाहेर काढू शकतो. आताशा तर यंत्राच्या साह्याने एखाद्याचा चेहरा उचलून तो भलत्याच देहावर बसविणेही सोपे झाले आहे. सगळ्या पाहणाऱ्यांची नजर चांगली नसते, एवढे आमच्या आज्यांना शाळेत न जाताही कळत होते.

काही काळापूर्वी आमच्या डिचोलीच्या कचेरीत एक बाई आपल्या शाळकरी मुलास घेऊन आल्या. त्याची ओळख पटेल असा तपशील आम्ही येथे देणार नाही. दिला तर या प्रकारात आमचीही भर पडेल. मूल तीन-चार वर्षांचे असताना लस टोचून घेताना त्याने जो आकांत केला, तो बाईंनी कौतुकाने टिपून इन्स्टाग्रामवर घातला होता. तेव्हा सारे हसले आणि विसरले. पुढे वर्गातल्या कोणा मुलाच्या हाती ती चित्रफीत लागली. रडताना काढलेले बोबडे उद्गार हेच त्याचे टोपणनाव झाले आणि मुलगा शाळेस जाईनासा झाला. बाई म्हणाल्या, “वकीलबाब, त्या पोरांवर काही इलाज करता येईल का?” आम्ही काय करता येण्याजोगे आहे ते सांगितले, आणि मूळ चित्रफीत काढून टाकली तरी तिच्या प्रती कोठकोठे गेल्या असतील हे शोधणे दुरापास्त आहे, हेही सांगितले. मुलगा इतका वेळ खाली मान घालून बसला होता. तो हळूच म्हणाला, “पूण म्हाका कोणें विचारलें?”

बाई काहीच बोलल्या नाहीत. वकिलीच्या व्यवसायात फिर्यादी आणि ज्याच्याविरुद्ध फिर्याद तो, असे दोघे हात धरून एकाच बाकावर बसलेले सहसा पाहावयास मिळत नाहीत.

त्या मुलाच्या प्रश्नास कायद्यात उत्तर आहे काय? सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ साली पुट्टस्वामी खटल्यात खासगीपण हा मूलभूत हक्क ठरविला. न्यायमूर्ती संजय किशन कौल यांनी आपल्या स्वतंत्र निकालपत्रात मुलांच्या खासगीपणास विशेष संरक्षण हवे, असे आवर्जून म्हटले. पुढे २०२३ साली संसदेने व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. अठरा वर्षांखालील मुलाची माहिती हाताळावयाची तर कंपनीने पालकाची संमती घेतली पाहिजे, असे तो सांगतो. परंतु एखाद्या व्यक्तीने व्यक्तिगत वा घरगुती कारणासाठी जी माहिती हाताळली, तिला तो लागू नाही. तात्पर्य, कायद्याने पालकास राखणदार नेमले आणि राखणदारानेच फाटक उघडले तर काय, हा प्रश्न बहुतांशी घरावर सोपविला. ऑस्ट्रेलियाने २०२५ च्या डिसेंबरात सोळा वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास बंदी केली. तीही मुलाच्या खात्यापुरती आहे. आईच्या खात्यावर बसून मूल तेथे जातच राहते.

तथापि आम्हां गोमंतकीयांस या बाबतीत दूर पाहण्याचे कारण नाही. तेरेखोल नदीपलीकडे सावंतवाडीचा हिंदू बाप आपली स्वकष्टार्जित मिळकत मृत्युपत्राने वाटेल त्यास देऊ शकतो. नदी ओलांडून पेडण्यात आले की ती मुभा संपते. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून आमच्याकडे मुलांचा वाटा राखीव आहे, आणि आज तो निम्मा आहे. आम्ही वकील अद्याप त्यास लेजितिमा म्हणतो; आणि २०१२ च्या गोव्याच्या वारसा कायद्यानेही तो कायम ठेवला. बापाने स्वतः घाम गाळून मिळविलेल्या संपत्तीतही लेकराचा असा एक भाग आहे की, त्यास बापानेसुद्धा हात लावू नये! मग जो चेहरा, जे रडणे, जे आजारपण, जी फजिती बापाने मिळविलेलीच नाही, जी सर्वस्वी त्या लेकराची आहे, ती परस्पर वाटून टाकण्याचा अधिकार आम्हांस कोठून आला? आईबाप मुलाच्या बालपणाचे कारभारी आहेत; मालक नव्हेत. कारभाऱ्याने मूल सज्ञान होताच हिशेब द्यावयाचा असतो.

फ्रान्समध्ये हाच विचार कायद्यात उतरला आहे. समाजमाध्यमांवर झळकणाऱ्या मुलांची कमाई राखून ठेवण्याची तरतूद त्यांनी २०२० साली केली. २०२४ च्या कायद्याने मुलाच्या छबीवरील हक्काचे रक्षण करणे हे आई आणि बाप या दोघांचे कर्तव्य ठरविले, आणि वय व समज पाहून मुलासही त्यात विचारात घ्यावे असे सांगितले. आमच्याकडे असा कायदा येईल तेव्हा येवो. न्हाणीघरातले मूल, तापाने फणफणलेले मूल, नापास होऊन रडणारे मूल, शाळेच्या नावाचा गणवेश घातलेले मूल यांची चित्रे घराबाहेर जाऊ न देण्यास कोणत्या कलमाची वाट पाहावी लागते?

लग्न जमवावयाचे असो वा घराचा पाया घालावयाचा असो, आम्ही देवाचा कौल घेतो. मूर्तीस लावलेली पाकळी उजवीकडे पडली तर पुढे जातो. डावीकडे पडली तर हातचे काम ठेवून देतो आणि देवाशी वाद घालीत नाही. बोलत्या मुलास तसेच एकदा विचारावे, आणि तो ‘नको’ म्हणाला तर ती डावी पाकळी समजावी. जे मूल अजून बोलतच नाही, त्याचे मौन ही संमती नव्हे. पाकळी अजून पडलीच नाही, तोवर थांबावे.