मानेचा कल

मे महिन्यात वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीत बेस गिटारच्या मानेवरून तळहात फिरवला की फ्रेटची टोकं टोचायला लागतात. होळीपर्यंत जी कड गुळगुळीत होती, तीच आता शर्टाच्या बाहीचे दोरे ओढते. फ्रेट वाढलेले नसतात. लाकूड आक्रसलेलं असतं. पारा ४५ ला टेकतो, हवेतला ओलावा जवळजवळ संपतो आणि फ्रेटबोर्ड रुंदीत केसभर कमी होतो. धातू होता तेवढाच राहतो, म्हणून त्याची टोकं दोन्ही बाजूंनी डोकावतात.

ही टोकं घासायची तर याच दिवसांत. पावसाळ्यात घासली तर पुढच्या उन्हाळ्यात ती पुन्हा वर येणारच. ऐन कोरड्या दिवसांत एकदा मन लावून काम केलं की बरीच वर्षं टोचत नाहीत. फ्रेटच्या दोन्ही अंगांना लाकडावर चिकटपट्टी लावायची. बारीक दाताची सपाट कानस थोडी तिरपी धरून अख्ख्या कडेवरून लांब फिरवायची, एकेका टोकाशी झटापट करायची नाही. नंतर एकेक टोक छोट्या तिकोनी कानशीने गोल करायचं, आणि शेवटी ८०० आणि १००० नंबरचा पॉलिश पेपर. सुतारांकडे हे सगळं असतं. कानशीचा आवाज खरखरीतून सळसळीत झाला की थांबायचं. त्यापुढे लाकडाला इजा होते. मग फ्रेटबोर्डला लिक्विड पॅराफिनचे चार थेंब, औषधाच्या दुकानात मिळतं ते, आणि लगेच कोरड्या फडक्याने पुसून घ्यायचं. खोबरेल तेल लावू नये. जगभरच्या गिटारींना लागणारं रोझवूड बरंचसं आपलंच शिसव आहे, त्याला थोडं तेल आवडतं. वॉर्निश असलेल्या मेपलला मात्र तेलाची गरजच नसते.

टोकांपेक्षा मोठी गोष्ट आहे मानेचा कल. बेसच्या चार तारा सुरात लावल्या की त्यांचा मिळून ताण पाऊण क्विंटलच्या आसपास जातो. हा ताण रात्रंदिवस त्या दीड-दोन इंच रुंदीच्या मानेवर असतो, आणि त्याच्या उलट बाजूने ओढणारी एकच वस्तू मानेच्या पोटात असते: ट्रस रॉड नावाची पोलादी सळई. मान अगदी सरळ नको असते. तार मधोमध सर्वांत जास्त हेलकावते, तिला जागा मिळावी म्हणून मानेला पुढच्या बाजूने किंचित खोलगटपणा लागतो. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावायचा, मान जिथे धडाला जुळते तिथे तार बोटाने दाबायची आणि सातव्या-आठव्या फ्रेटशी तार आणि फ्रेट यांच्यातली फट मोजायची. फेंडर कंपनीच्या माहितीपत्रकात ही फट मानेच्या गोलाईप्रमाणे ०.२५ ते ०.३५ मिलिमीटर दिलेली आहे, आणि सतराव्या फ्रेटवर जाड तारेची उंची साधारण २.४ मिलिमीटर.

इतकी बारीक फट मोजायला खास काही विकत आणावं लागत नाही. मोटारसायकलचा टॅपेट लावायला मेकॅनिक जो फिलर गेज वापरतात, तोच इथे चालतो. आमच्या इथल्या एका गॅरेजवाल्या भाऊंनी माझ्या हातात तो देताना विचारलं होतं, ‘‘काहून, बाजाचाबी टॅपेट असते काय?’’ असतो, आणि तो गाडीच्या टॅपेटइतकाच जपून लावावा लागतो. एलन की ट्रस रॉडच्या तोंडात नीट शेवटपर्यंत बसवायची. फट जास्त असेल तर उजवीकडे, कमी असेल तर डावीकडे, आणि एका वेळी फक्त एक अष्टमांश फेरा. मग तारा पुन्हा सुरात लावून वाद्य रात्रभर ठेवून द्यायचं आणि सकाळी परत मोजायचं. लाकडाला वेळ लागतो. सळई अडली तर जोर लावायचा नाही. तिचे आटे गेले तर मान बदलण्यावाचून उपाय उरत नाही.

माहितीपत्रकातले आकडे चूक नाहीत, पण ते मोजण्याच्या दिवसाचे आकडे आहेत. फेंडरचा पहिला प्रिसिजन बेस १९५१ साली कॅलिफोर्नियात फुलरटन इथे बाजारात आला, समुद्राच्या जवळच्या, बऱ्यापैकी एकसारख्या हवेत. आपल्याकडे तेच वाद्य मेमध्ये भट्टीत असतं आणि ऑगस्टमध्ये वाफेत. शिवाय मधे कूलर असतो. कूलरच्या खोलीतली हवा दुपारी दमट, रात्री कूलर बंद झाला की कोरडी, आणि बाहेर नेऊन टिनाच्या शेडखाली ठेवलं की आणखी वेगळी. म्हणून बेस कूलरच्या झोतात कधीच टांगू नये. पेटीत घालून आतल्या खोलीत, भिंतीपासून थोडा दूर ठेवावा, आणि वर्षातून दोनदा तरी फट मोजावी: एकदा लग्नसराईत, एकदा पोळ्याच्या सुमारास. मान कुठल्या बाजूला वळेल हे आधी सांगता येत नाही. मेपलची मान आणि वर शिसवाचा थर असेल तर दोन्ही लाकडं आपापल्या मापाने ओलावा पितात. एकाच कंपनीचे दोन बेस एकाच पावसाळ्यात उलट दिशांना गेलेले मी पाहिले आहेत.

हवेप्रमाणे वाद्य लावणं या गावाला नवं नाही. वर्धा नदी ओलांडली की गुरुकुंज मोझरी, तुकडोजी महाराजांचा आश्रम. १६ ऑगस्ट १९४२ ला आष्टीत इंग्रजांविरुद्ध जो उठाव झाला, त्याच्या आधी महाराजांच्या खंजिरीवरच्या भजनांनी हा मुलूख ढवळून काढलेला होता. ते दिवस श्रावणातले, आणि श्रावणात कातडं सैल पडतं. भजनी माणसं खंजिरी शेकून घेतात, ठोका मारून ऐकतात, पुन्हा शेकतात. हवा बघून वाद्य लावायचं शिक्षण मला गिटारच्या पुस्तकातून मिळालं नाही, भजनाला बसलेल्या म्हाताऱ्यांकडून मिळालं.

सूर मिळवण्याचं काम मान स्थिर झाल्यावरच. बाराव्या फ्रेटवर तार दाबून वाजवायची, मग त्याच जागी बोट नुसतं टेकवून हार्मोनिक काढायचा. दाबलेला सूर चढा लागला तर ब्रिजवरचं सॅडल मागे, उतरता लागला तर पुढे. जाड ई तारेची कंपनं सेकंदाला फक्त ४१ असतात. इतक्या खाली कान सहज फसतो, म्हणून इथे ट्यूनर वापरावा. नटाच्या खाचेत तार अडकून टिकटिक करत असेल तर पेन्सिलचं शिसं घासलं की पुरतं.

आता विजेचं. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या बेसची सर्वांत जास्त तक्रार घुंघुं आवाजाची असते. नवरात्रात ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्या एका पोराने ती अचूक सांगितली: ‘‘दादा, तारेला हात लावला का चूप बसते, सोडला का गुरगुरते.’’ याचा अर्थ ब्रिजखालून आलेली अर्थची तार शाबूत आहे, पण पिकअप आणि आवाज कमी-जास्त करणारे पॉट ज्या पोकळीत बसतात ती उघडी आहे. हात लावल्यावर आवाज वाढत असेल तर मात्र ती अर्थची तारच तुटली आहे किंवा जॅकवर उलटी जोडली आहे. पहिल्या दुखण्यावर उपाय म्हणजे पोकळीला आतून तांब्याची चिकटपट्टी, प्रत्येक सांध्यावर सोल्डरचा ठिपका आणि तिथून अर्थला एक तार. जॅझ बेसच्या दोन पिकअपची वेटोळी आणि चुंबकं एकमेकांच्या उलट असतात, त्यामुळे दोन्ही व्हॉल्यूम सारखे ठेवले की गुरगुर आपोआप मरते. एक कमी केला की परत येते.

पण तारेला हात लावला की चूप बसतं, याची दुसरी बाजू जिवावरची आहे. तारा अर्थला जोडलेल्या, बेसचा अँप एका लाईनवर, माईकचा मिक्सर दुसऱ्या लाईनवर, आणि मंडपात अर्थिंगचा पत्ता नाही. गाताना माईक ओठाला चावतो तो यामुळे. कार्यक्रमाआधी मल्टिमीटर एसीवर ठेवून एक टोक बेसच्या तारेला आणि दुसरं माईकच्या जाळीला लावून बघायलाच हवं. काही व्होल्ट दिसले तरी वाजवायला उभं राहू नये. तीन पिनांपैकी अर्थची पिन मोडून अँप लावणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

लिओ फेंडर मुळात रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. त्याला गिटार वाजवता येत नव्हती. म्हणूनच की काय, त्याचं वाद्य स्क्रूने उघडतं आणि घरच्या टेबलावर पुरं होतं. मानेचे स्क्रू ढिले झाले असतील तर भोकात फेव्हिकॉल लावलेली बांबूची काडी ठोकायची. व्हॉल्यूम खरखरत असेल तर कॉन्टॅक्ट क्लिनरचा एक फवारा, आणि नॉब पुष्कळ वेळा फिरवायचा. याला मी दुरुस्ती म्हणतो. बदल करायची हौस त्यानंतर. बेसवादक जॅको पास्टोरियसने आपल्या जॅझ बेसचे फ्रेट उपटून खाचा भरल्या आणि वर होडीला लावतात तो इपॉक्सी चढवला. त्याला काय वाजवायचं आहे हे पक्कं ठाऊक होतं. जेम्स जेमर्सनने जुन्याच फ्लॅटवाउंड तारा ठेवल्या, ब्रिजच्या झाकणाखाली फोम ठेवला, आणि मोटाऊन कंपनीची गाणी त्यावर उभी राहिली. आर. डी. बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बेस वाजवत. त्या काळचा गोल, तुटक आवाज हवा असणाऱ्या पोरांना मी ब्रिजशी तारांखाली फोमचा तुकडा सरकवायला सांगतो. निम्म्यांचं समाधान तिथेच होतं.

उरलेल्यांना नवे पिकअप हवे असतात. माझं सांगणं एकच: आधी मान, मग पोकळीचं शिल्डिंग, मग चांगले २५० किलोओमचे पॉट आणि मजबूत जॅक, मग नव्या तारा. एवढं झाल्यावर आठवडाभर वाजवा आणि मग पिकअपचं बोला. गुरगुरीची तक्रार आणणाऱ्या त्या पोराने हे ऐकलं, आणि मंडपातल्या अर्थिंगचंही. पिकअपसाठी जमवलेल्या पैशांतून त्याच्या मंडळाने मंडपासाठी ईएलसीबी, म्हणजे वीज गळली की लाईन तोडणारा स्विच, घेतला आणि अर्थिंगचा खड्डा खणला. दुसऱ्याच संध्याकाळी शिंतोडे आले, एका फोकसमध्ये पाणी गेलं आणि सगळी लाईन एकदम बंद पडली. लोक वैतागले. पोराने फोकसची पिन काढली, बटण वर केलं आणि पुढचं गाणं सुरू झालं.