बंधन कुणावर?

इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकांत ‘मे, कॅन, मस्ट, शॅल’ यांचं प्रकरण एकीकडे असतं आणि ‘हू, व्हिच, दॅट’ने सुरू होणाऱ्या उपवाक्यांचं दुसरीकडे. रेन आणि मार्टिनच्या पुस्तकावर आमच्या घरातल्या दोन पिढ्या इंग्रजी शिकल्या, पण ही दोन प्रकरणं एकाच वाक्यात येऊन बसली की काय घडतं, याचा पत्ता कुणालाच नव्हता. मला तो आप्पांनी दिला, बहरीनमधल्या सित्रा बेटावर, एका कंत्राटदाराच्या पोर्टा केबिनमध्ये. एसीच्या घरघरीत ‘हू’ आणि ‘मे’ यांचे संबंध समजून घेणारा मी बहुधा एकटाच सेफ्टीवाला असेन.

आप्पा बेळगावकडचे. ड्राय डॉकचं काम जोरात होतं त्या दिवसांत टायपिस्ट म्हणून आले. तो डॉक १९७७ मध्ये सुरू झाला, आप्पा मात्र राहिले. टाइपरायटर गेला, संगणक आला, हुद्दा ‘डॉक्युमेंट कंट्रोलर’ झाला. मी मिरजेचा, डिप्लोमावाला. आप्पांविषयी लिहायला बसलं की इंग्रजी चरित्रकारांचं ते लाडकं ‘हू वुड’ हाताशी येतं: १९२६ मध्ये बहरीनच्या शासकाचा सल्लागार म्हणून आलेला चार्ल्स बेल्ग्रेव्ह, जो पुढे १९५७ पर्यंत इथेच राहणार होता. पुढचं सगळं ठाऊक असलेल्या माणसाचं हे वाक्य. आप्पांच्या बाबतीत ते खोटं ठरेल. पहिल्या दिवशी ते मला पुढे काहीही शिकवणार नव्हते. त्यांना त्यांचा स्टेपलर परत हवा होता.

सुरुवात झाली ती टाकीपासून. बंद टाकीत माणूस उतरवायचा तर परवाना लागतो, कामाची पद्धत लिहून द्यावी लागते. असे कागद आप्पांच्या टेबलावरूनच पुढे जात. एका कागदावर वेल्डरांविषयी वाक्य होतं: ‘द वेल्डर्स, हू मे एंटर द टँक,’ आणि पुढे मास्क, दोर वगैरे. आप्पांनी दोन्ही स्वल्पविरामांभोवती पेन्सिलीनं गोल काढले.

“हे बघ की. स्वल्पविराम काढले तर हे फक्त परवानगी असलेल्या वेल्डरांविषयी बोलतंय. ठेवले तर सगळ्याच वेल्डरांविषयी, आणि ते आत जातील की न जातील, देव जाणे. तुला कुठलं पाहिजे?”

परवानगी आणि शक्यता ही ‘मे’ची दोन कामं शाळेत पाठ केली होती. पण मूळ वाक्यात कोण कुणाला सांगतंय हे दिसतं, म्हणून तिथे गोंधळ कमी होतो. उपवाक्यात ‘मे’ नामाच्या मागे दडून बसतो, आणि मग नामाकडेच पाहावं लागतं. ‘एनी डॅमेज दॅट मे ऑकर’मध्ये शंकेला जागा नाही, कारण नुकसानाला कुणी परवानगी देत नाही. नाम माणसाचं आलं की दोन्ही अर्थ जागे होतात. हा नियम मी कुठल्या पुस्तकात वाचलेला नाही. आप्पांनीही तो कधी नियम म्हणून सांगितला नाही, ते फक्त विचारायचे, “नुकसानाला पास कोण देतो रे?”

‘व्हॉल्व्ह टु बी क्लोज्ड’ यावरही त्यांचा राग होता. इथे ‘दॅट’ही नाही आणि ‘मस्ट’ही नाही, दोन्ही गिळून इंग्रजी मोकळी झाली. ‘अ फॉर्म टु साइन’ म्हणजे सही करायलाच हवी असा फॉर्म, पण ‘अ प्लेस टु सिट’ म्हणजे बसता येईल अशी जागा. बसलंच पाहिजे असं नाही. मराठीत ही सोंगं वेगवेगळी कळतात. ‘भरायचा अर्ज’, ‘भरता येण्याजोगा अर्ज’, ‘भरला जाणारा अर्ज’: सक्ती, शक्यता, भविष्य, सगळं नामाच्या आधीच उरकलेलं. म्हणून अडलं की आप्पा आधी वाक्य मराठीत बोलून बघायला लावत. मराठीत ‘बंद करायचा’ निघालं तर इंग्रजीत ‘दॅट मस्ट बी क्लोज्ड’ असं सरळ लिही, लाजू नको.

‘शॅल’ मात्र उपवाक्यात त्यांना बिलकूल खपत नसे. ‘एनी पर्सन हू शॅल फेल’ असं कुणी लिहिलं की ‘शॅल’ खोडून ‘फेल्स’. त्यांचं म्हणणं, कोणाविषयी बोलतोय ते साध्या वर्तमानात सांग आणि ‘शॅल’ एकदाच, मुख्य क्रियापदावर, जिथे हुकूम आहे तिथे. जॉर्ज कूड नावाच्या इंग्रज वकिलानं १८४० च्या दशकात कायद्याच्या भाषेबद्दल हेच सांगितलं होतं, हे मला फार नंतर कळलं. आप्पांना कूड ठाऊक नव्हता. त्यांच्याकडे भारतीय दंड संहिता होती, १८६० ची, मेकॉलेच्या मसुद्यावरून आलेली. तिचा जवळजवळ प्रत्येक गुन्हा याच साच्यात: जो कोणी अमुक करतो, त्याला तमुक शिक्षा होईल. ‘करतो’ साधं, ‘होईल’मध्ये ‘शॅल’.

आणि ही संहिता बहरीनला परकी नव्हती. १९१३ च्या बहरीन ऑर्डर इन कौन्सिलनं, जी अमलात यायला १९१९ उजाडलं, इथल्या ब्रिटिश प्रजाजनांना आणि परदेशीयांना हिंदुस्थानचे कायदे लावले. ब्रिटिश पोलिटिकल एजंटाचं कोर्ट चालायचं ते बहरीन जणू मुंबई इलाख्यातला एखादा जिल्हा आहे असं धरून. चलनही १९६५ पर्यंत रुपयाच होता. आप्पांना या गोष्टीचा मोठा अभिमान. मनामाच्या सुकात, म्हणजे बाजारात, चहा घेताना ते नवख्या पोराला ऐकवत, “हे पूर्वी आपल्या ठाण्यासारखंच होतं, होय की नाही?” ठाण्याच्या माणसाला हे पटायचं नाही.

पण माझ्यावरचं खरं ऋण शुक्रवारच्या सकाळचं आहे. सुट्टीच्या दिवशी आप्पा कामगारांच्या कॅम्पवर जात आणि एका खोलीत खाटेवर बसून पोरांची काँट्रॅक्टं वाचून दाखवत. जत, आटपाडी, नांदेडकडचे गवंडी, तेलंगणातले सुतार, बिहारचे फिटर. मी पहिल्यांदा गेलो तो केवळ त्यांच्याकडे गाडी नव्हती म्हणून.

त्या कागदांत एक वाक्य हटकून असे: नेमलेल्या कामाखेरीज ‘सच अदर ड्यूटीज अ‍ॅज मे बी असाइन्ड’. उपवाक्य, त्यात ‘मे’, त्यात कर्मणी प्रयोग. तिन्ही एकत्र आले की माणूस गायब होतो. काम कोण नेमून देणार? लिहिलेलं नाही. कुठलं काम? लिहिलेलं नाही. सही करणाऱ्याचं नाव मात्र ठळक. आप्पा प्रत्येक वाक्यापाशी थांबून एकच विचारत: “बंधन कुणावर?” पोरानं “माझ्यावर” म्हटलं की तिथे फुली. “कंपनीवर” म्हटलं की बरोबरची खूण. ‘मे’ दिसला की प्रश्नचिन्ह. कागद वाचून होईपर्यंत खुणांवरूनच सौदा कळायचा, इंग्रजी येवो न येवो.

एका गवंड्याच्या कागदावर जेवणाच्या भत्त्यापुढे होतं ‘व्हिच मे बी पेड मंथली’. भत्ता मिळत नव्हता. विचारलं की उत्तर यायचं, ‘मे’ म्हणजे देऊ किंवा न देऊ. आप्पांना शंका होती की इथे ‘मे’ ‘मंथली’वर आहे: द्यायचा आहेच, फक्त महिन्यानं देण्याची मुभा. इंग्रजीवरून हा वाद कधीच मिटला नसता. आप्पा कागद घेऊन आमच्या मंदूबकडे गेले. मंदूब म्हणजे कंपनीची सरकारी कामं करणारा माणूस. हा मुहर्रकचा बहरीनी, वयानं आप्पांएवढाच, आणि दोघांचं बोलणं हिंदी, अरबी आणि हातवाऱ्यांत. आप्पांनी त्याला अरबी रकाना वाचायला लावला, कारण वाद झाला तर तिथे अरबी मजकूर प्रमाण.

त्या दिवशी कळलं ते असं. इंग्रजी ‘मे’ जी दोन ओझी एकट्यानं वाहतो ती अरबीत दोघांत वाटलेली आहेत. परवानगी असेल तर ‘यजूझ’, नुसती शक्यता असेल तर क्रियापदाआधी ‘कद’. मंदूबनं ओळीवर बोट ठेवलं. तिथे ‘यजूझ’ नव्हतं, ‘कद’ही नव्हतं. नुसतं क्रियापद: दरमहा दिला जातो. इंग्रजी करणाऱ्यानं ‘मे’ पदरचा घातला होता. भत्ता सुरू झाला. मागची थकबाकी आली नाही, आणि आप्पांनी तो हिशेब शेवटपर्यंत बोलून दाखवला.

मी निघण्याआधीच आप्पा बेळगावला परतले. निरोपाच्या जेवणात मी गुरुदक्षिणेचा विषय काढला तर त्यांनी सांगितलं, शुक्रवार सोडू नकोस. वाटलं, हे कसलं मागणं, सुट्टीच मागितली की. पुढे मी ते केलं, काही वेळा कुरकुरत. मंदूबचंही माझ्यावर तेवढंच ऋण आहे, पण त्यानं ते कधी ऋण मानलं नाही. त्याच्या लेखी ती साधी अरबी होती.

आता मिरजेत बसून व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले कागद वाचतो. परवा जतच्या एका मुलाचं दोह्याचं ऑफर लेटर आलं: राहायची सोय, ‘व्हिच द कंपनी मे प्रोव्हाइड’. त्याला म्हटलं, खोली देणार की भाडं देणार ते मेलवर लिहून घे, अरबी प्रत माग, आणि तोवर एजंटाला एक रुपया देऊ नकोस. त्यानं विचारलं, “काका, एका शब्दानं एवढं काय होतं?” मी त्याला टाकीपासून सांगायला सुरुवात केली. पोरगं बिचारं बसमध्ये होतं, रेंज गेली.