मांड, पूल आणि बंधारा

पेडणे, पौष शुद्ध द्वादशी

तीर्थरूप आईस,


काल पत्रादेवीच्या नाक्यावरून गोव्यात शिरले. तिथल्या हुतात्मा स्मारकापाशी उतरून नमस्कार केला. १५ ऑगस्ट १९५५ रोजी याच सीमेवर गोवामुक्तीसाठी आलेल्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगिजांच्या गोळ्या चालल्या. पंजाबातून आलेले कर्नैलसिंग बेनिपाल इथेच पडले.

संध्याकाळी जवळच्या एका वाड्यावर धालो, म्हणजे बायकांचा गाण्या-नाचाचा उत्सव, पाहायला गेले. पौषातल्या या रात्री फक्त बायकांच्या. मांड म्हणजे वाड्याचं सामाईक अंगण. दुपारीच बायकांनी ते झाडलं, शेणानं सारवलं. मजूर नाही, ठेका नाही. घराघरातून शेण आणि पाणी आलं, एकीनं सारवायला घेतलं तशा बाकीच्याही बसल्या. रात्री समोरासमोर दोन रांगा, कमरेला हातांची गुंफण, आणि गाणं. एरवी इथून माणसं नुसती येतात-जातात, पण धालोच्या रात्री पाय ठेवायच्या आधी चपला निघतात. जागेला हा मान देण्यासाठी एक पैसा खर्च झाला नव्हता.

तुझी लेक


डिचोली, दोन दिवसांनी

आई,

इथे नदीवरच्या पुलावर बराच वेळ उभी होते. १८ डिसेंबर १९६१ च्या पहाटे माघार घेणाऱ्या पोर्तुगीज सैन्यानं डिचोली, शापोरा आणि अस्नोडा इथले पूल उडवले. तरी भारतीय सैन्य त्याच संध्याकाळी बेतीला पोचलं आणि दुसऱ्या दिवशी गोवा मुक्त झाला. इतिहासात एवढंच लिहिलेलं असतं. मी मात्र पूल पडल्यानंतरच्या सकाळचा विचार करत होते. बाजार पलीकडे, वैद्य पलीकडे, लेकीचं सासर पलीकडे. सरकार बदलत असलं तरी माणसाला नदी आजच ओलांडायची असते. अशा वेळी उपयोगी पडते ती एकत्र येऊन काम करायची सवय, आणि ती त्या सकाळी शिकता येत नाही. दर पौषात मांड सारवायचा असतो. ही सवय तिथे वर्षानुवर्षं घडत आलेली असते.

हेच दूरवरही दिसतं. आज युद्धात सापडलेल्या युक्रेनच्या शहरांत लोक ग्रंथालयांत आणि शाळांत जमून जुन्या कापडाच्या पट्ट्या गाठवतात, सैन्याला लपण्यासाठी जाळ्या विणतात. कोण शिक्षिका, कोण आजी, कोण शाळकरी मूल. मोलानं पाहिलं तर ते काम फारच स्वस्त आहे. पण हल्ल्याचा भोंगा वाजत असताना चार माणसं एका खोलीत एका कामाला बसली, की ते शहर नुसत्या घाबरलेल्या घरांचं राहत नाही. मला ही गोष्ट जाळीइतकीच मोठी वाटते.

तुझी लेक


दोडामार्ग, परतीच्या वाटेवर

आई,

हे शेवटचं पत्र. माझ्या आधी पोचलं तर बाबांना वाचून दाखव.

इथे व्हाळावर वनराई बंधारा पाहिला. सिमेंटच्या रिकाम्या पिशव्यांत माती-वाळू भरायची, तोंडं शिवायची आणि वाहत्या पाण्याच्या आडव्या एकावर एक रचायच्या. पाऊस गेला आणि धार बारीक झाली, की गाव श्रमदानाला उतरतं. मागे पाणी तुंबतं, आजूबाजूच्या विहिरींना झिरपा मिळतो, गुरांना पाणी होतं. पुढच्या पावसात बंधारा वाहून जातो.

दरवर्षी नव्यानं बांधावा लागतो हा त्याचा दोष म्हणतात. मला वाटतं, गावाचं बळ तिथेच आहे. कायमची वस्तू एकदा कुणीतरी बांधून देतो, मग ती मोडली की आपण अर्ज लिहीत बसतो. जी दरवर्षी आपल्यालाच उभी करायची असते, तिच्या निमित्तानं भांडलेली घरंसुद्धा एकदा शेजारी उभी राहतात. पिशवी एकट्याला उचलत नाही.

आपल्या परसामागचा पऱ्या फेब्रुवारीतच आटतो. बाबांना सांग, घराच्या कामाच्या सिमेंटच्या पिशव्या टाकू नका. वरच्या आळीलाही विचार. पुढच्या दिवाळीनंतरचा पहिला रविवार मी राखून ठेवला आहे.

तुझी लेक