व्हर्साय : सोनेरी फाटकाला वळसा घालून

पॅरिसहून निघालेली लोकल व्हर्सायच्या शेवटच्या स्थानकात शिरते, तेव्हा डब्यातले जवळपास सगळेच एकदम उठतात. स्थानकाबाहेर ही गर्दी एकाच दिशेनं वाहते: राजवाड्याच्या सोनेरी फाटकाकडे. पण व्हर्साय हे एक गावही आहे. फ्रान्सच्या राजेशाहीचं काय झालं, ते या गावच्या रस्त्यांवर जेवढं उमगतं तेवढं आरसेमहालात उमगत नाही. म्हणून आधी फाटकाकडे पाठ फिरवावी आणि पॅरिसच्या दिशेनं सरळ जाणारा अव्हेन्यू द पारी हा रुंद रस्ता धरावा.

थोडं चाललं की उजव्या हाताला ‘मन्यू प्लेझीर’ची वास्तू लागते. नावाचा अर्थ ‘किरकोळ करमणुकी’. राजाच्या नाटकांचे पडदे, नेपथ्य, समारंभांचा सरंजाम सांभाळणारं खातं इथं होतं. आज इथं बरोक संगीताचं केंद्र आहे. याच आवारात उभारलेल्या दालनात 5 मे 1789 रोजी सोळाव्या लुईनं इस्टेट्स जनरल, म्हणजे तिन्ही वर्गांच्या प्रतिनिधींची सभा, भरवली. तिजोरी रिकामी झाली होती आणि 1614 नंतर प्रथमच ही सभा बोलावण्याची वेळ आली होती.

सुमारे तीनशे धर्मगुरू, तीनशे उमराव आणि सहाशे ‘तिसऱ्या वर्गाचे’ प्रतिनिधी. वकील, व्यापारी, शेतकरी, कारागीर असे देशातले शंभरातले अठ्ठ्याण्णव लोक या तिसऱ्या वर्गात मोडत. त्यांची पायरी कोणती, हे कपड्यांपासूनच ठरवून दिलेलं होतं. आदल्या दिवशीच्या मिरवणुकीत उमरावांच्या अंगावर रेशीम आणि जर, टोपीवर पांढरी पिसं; तिसऱ्या वर्गाला साधा काळा पोशाख आणि बिनपिसाची टोपी. दालनात शिरायलाही त्यांना बाजूचं दार. खरा वाद मात्र मतांचा होता. प्रत्येक वर्गाला एकच मत दिलं, तर दोन वर्ग मिळून तिसऱ्याला कायम हरवणार. माणसागणिक मत मोजा, एवढंच तिसऱ्या वर्गाचं मागणं होतं. सहा आठवडे घोळ चालला आणि 17 जूनला त्यांनी स्वतःलाच ‘राष्ट्रीय सभा’ म्हणून जाहीर केलं.

20 जूनच्या सकाळी ते आले, तर दालनाला कुलूप. बाहेर पाऊस. डॉक्टर गियोतँ यांनी जवळचं एक चेंडूघर सुचवलं. (जन्म कोणत्याही घरात झालेला असो, गुन्हा तोच तर शिक्षाही तीच, असा आग्रह पुढे याच डॉक्टरांनी धरला. तोवर उमरावाचा शिरच्छेद होई आणि गरिबाला फास बसे. गिलोटिन या शिरच्छेदाच्या यंत्राला त्यांचं नाव चिकटलं ते त्यातून.)

प्रतिनिधी भिजत गेले तीच वाट आज दहाएक मिनिटांत चालून होते. सेंट लुई भागातल्या अरुंद गल्लीत 1686 साली बांधलेलं हे चेंडूघर उभं आहे. ‘ज्यू द पोम’ हा टेनिसचा पूर्वज. दरबारी मंडळी इथं तो खेळत. आत उंच, उघडाबोडका हॉल, छताजवळ खिडक्या, भिंतींलगत प्रतिनिधींचे अर्धपुतळे. मधोमध सभेचा अध्यक्ष, खगोलशास्त्रज्ञ बायी. राज्यघटना झाल्याशिवाय पांगायचं नाही, ही शपथ त्यानं इथं वाचली.

भिंतीवरच्या भव्य चित्रात सगळे हात उंचावलेले आहेत, पण नजर थांबावी ती उजव्या कोपऱ्यावर. तिथं एक माणूस हात छातीशी घट्ट घेऊन बसलाय. तो कास्तेलनोदारीचा मार्तँ दोश. राजाची मंजुरी नसलेले निर्णय अमलात आणण्याची शपथ मी घेणार नाही, असं म्हणणारा तो एकटाच. सभा खवळली, तरी त्याचं नाव खोडलं नाही. त्यापुढे ‘विरोधी’ ही नोंद राहू दिली. या हॉलमधली सर्वांत मोलाची गोष्ट ती हीच.

आता राजवाडा. हर्क्युलिस दालनात भारतीय पाहुण्यानं जरा रेंगाळावं. 10 ऑगस्ट 1788 रोजी टिपू सुलतानाच्या वकिलांना लुईनं इथं भेट दिली. मराठ्यांशी गजेंद्रगडचा तह होऊन वर्ष उलटलं होतं आणि टिपूला इंग्रजांविरुद्ध फ्रेंचांची कुमक हवी होती. दालन दिमाखात सजलं होतं, पण दोनच दिवस आधी राजानं इस्टेट्स जनरल बोलावण्याची घोषणा केलेली, आणि भेटीनंतर आठवडाही उलटला नाही तोच खजिन्यानं रोख देणी थांबवली. वकिलांना हवं ते सैन्य मिळालं नाही. म्हैसूरपर्यंत आशा पोहोचवणाऱ्या या दरबाराकडे स्वतःची देणी फेडायलाही पैसा नव्हता.

आरसेमहालात 357 आरसे आणि त्यांच्यासमोर माणसांची दाटी. तिथून बाहेर यावं ते संगमरवरी चौकात आणि वर सज्जाकडे पाहावं.

चेंडूघरातल्या शपथेनंतर काही आठवड्यांतच, मन्यू प्लेझीरच्या त्याच दालनात 4 ऑगस्ट 1789 च्या रात्री सरंजामी हक्क मोडीत निघाले होते आणि महिनाअखेर मानवी हक्कांचा जाहीरनामाही मंजूर झाला होता. पण पॅरिसमध्ये पाव मिळेना. 5 ऑक्टोबरला बाजारातल्या हजारो बायका पावसातून सुमारे वीस किलोमीटर चालत व्हर्सायला आल्या आणि आधी थेट त्या सभेत घुसल्या. राजा तेव्हा शिकारीला गेला होता. दुसऱ्या दिवशी पहाटे जमाव महालात शिरला, दोन पहारेकरी मारले गेले, राणी मेरी आंत्वानेत राजाच्या खोलीकडे पळाली. मग राजाराणीला या सज्जात येऊन उभं राहावं लागलं.

दुपारी राजाची बग्गी निघाली. सोबत पिठानं भरलेल्या गाड्या, तोफा, चिखलानं माखलेल्या बायका. रस्ता हाच, अव्हेन्यू द पारी; उजव्या हाताला मन्यू प्लेझीर मागे पडलं. पॅरिस गाठायला संध्याकाळ झाली. लुई पुन्हा व्हर्सायला परतला नाही. त्याच महिन्यात सभाही पॅरिसला हलली. महालातलं सामान 1793-94 मध्ये लिलावात सतरा हजारांहून अधिक लॉटमध्ये विकलं गेलं, आणि ज्या दालनात जन्माचे हक्क रद्द झाले ते 1800 च्या सुमारास पाडण्यात आलं. महालात रोज हजारो पावलं वाजतात; त्या दालनाच्या जागी मोकळं आवार आहे.