सोलापुरांतील दोन दिवस : हुकूम आणि संमति

मुंबईहून रात्रीं सुटणारी सिद्धेश्वर एक्स्प्रेस सकाळीं सोलापुरास पोंचते. मावशीस भेटून बरींच वर्षें झालीं होतीं, म्हणून गेल्या मार्गशीर्षांत ही गाडी धरली. डब्यांतील एका गृहस्थांनीं विचारलें, "सोलापुरांत पाहण्यासारखें काय आहे हो?" चादरी आणि शेंगदाण्याची चटणी यांपलीकडे मला कांहीं सांगतां आलें नाहीं. परततांना मात्र सांगण्यासारखें पुष्कळ होतें. तेंच येथें वाचकांपुढें ठेवीत आहें.

स्नान-चहा आटोपून मावसभावाबरोबर प्रथम सिद्धेश्वराचें दर्शन घेतलें. बाराव्या शतकांतील शिवयोगी सिद्धरामेश्वर यांनीं भक्तांच्या श्रमानें हें तळें खोदविलें अशी परंपरा आहे. पाण्यांत मंदिर आणि पलीकडे भुईकोट किल्ल्याचे बुरूज! किल्ला राजांनीं बांधला, तळें लोकांनीं खणलें. आणि किल्ल्याच्या तोफा केव्हांच थंड झाल्या असल्या तरी तळ्याच्या कांठीं गर्दी आहेच.

तेथून चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशीं गेलों. १९३० सालीं येथील नगरपालिकेनें आपल्या इमारतीवर राष्ट्रीय निशाण लावलें. पुढें मे महिन्यांत गोळीबार झाला आणि सरकारनें शहरावर लष्करी कायदा पुकारला. तो जूनअखेरपर्यंत चालला. मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन व जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ रोजीं येरवड्यास फांशी देण्यांत आलें. ज्या हुकुमाला जाब विचारतां येत नाहीं तो कसा असतो, हें या शहरानें एकदां फार जवळून पाहिलें आहे.

दुपारीं पूर्व भागांत हिंडलों. एके काळीं सोलापूर म्हणजे गिरण्यांचें गांव. आतां येथें यंत्रमागांचा खडखडाट आणि घरोघरीं विड्या वळणाऱ्या बायका. तेंदूचीं पानें घरीं आणावयाचीं, विड्या वळून कारखान्याच्या शाखेंत द्यावयाच्या आणि हजारीं मोजून मजुरी घ्यावयाची, हा त्यांचा क्रम. २४ मार्च २०२० रोजीं रात्रीं आठ वाजतां देशभर टाळेबंदी जाहीर झाली आणि बारा वाजतां ती अंमलांत आली. मध्यें अवघे चार तास! या बायांचें काम मुळीं घरींच बसून करावयाचें. पण पान मिळेना व विडी कोणी घेईना, म्हणून घरांत असूनहि त्यांचे हात रिकामे राहिले. जुलैमध्यें शहर पुन्हां दहा दिवस बंद झालें. हुकूम देणाऱ्यांचा पगार चालू होता. पाळणाऱ्यांची मजुरी मात्र बुडाली.

रात्रीं जेवणें झाल्यावर ओटीवर बसलों असतां मावशीनें काकांच्या आजाराची गोष्ट काढली. आजवर तिनें ती आम्हांपैकीं कोणाला सांगितली नव्हती. जून २०२० मध्यें काकांना ताप आला. घरांत तीन बिऱ्हाडें, अकरा माणसें. ताप आहे असें कळलें तर दारावर कागद लागेल, गल्लीच्या तोंडाशीं कळक बांधले जातील आणि नातवंडांसकट सर्वांना उचलून विलगीकरणांत नेतील, या धास्तीनें त्यांनीं चार दिवस तो लपविला. पांचव्या दिवशीं धाप लागली. त्यानंतर ते घरीं आले नाहींत.

"अरे, त्यांना तापाची भीति नव्हती," मावशी म्हणाली, "दारांत गाडी येऊन उभी राहील, याची होती."

मला पुण्याची आठवण झाली. १८९६ सालीं मुंबईस प्लेग आला आणि फेब्रुवारी १८९७ मध्यें सरकारनें साथरोगांचा कायदा केला. पुण्यांत गोरे सोल्जर माजघरांत शिरले, आणि लोक दुखणेकरी लपवूं लागले. २२ जूनला रँडसाहेबांवर गोळी झाडली गेली. त्या कायद्याचीं मूळ कलमें अवघीं चार होतीं. सरकारला काय करतां येईल तें त्यांत आहे. सद्‌हेतूनें वागणाऱ्या अधिकाऱ्यावर दावा चालणार नाहीं असेंहि आहे. मात्र रयतेसाठीं सरकारनें काय केलेंच पाहिजे, याविषयीं एक अक्षर नाहीं. मार्च २०२० मध्यें महाराष्ट्रांत हाच कायदा पुन्हां उपयोगांत आणला गेला.

मावसभाऊ बँकेंत आहे, स्वभावानें शिस्तीचा. तो म्हणाला, "पण दादा, रोग एकाचा दुसऱ्याला लागतो. ज्याला त्याला आपल्या मर्जीवर सोडलें असतें, तर आणखी किती माणसें गेलीं असतीं?"

प्रश्न खोटा नव्हे. माझ्या खोकल्यानें शेजारी मरत असेल तर तें माझें स्वातंत्र्य नव्हे. दवाखाने उघडणें, लस देणें, खरी माहिती सांगणें हीं सरकारचीं कामें आहेतच. पण लोकांना मर्जीवर सोडणें आणि त्यांच्याशीं बोलून त्यांच्या हातीं काम सोंपविणें, या दोन गोष्टी एक नव्हेत. हा भेद दुसऱ्या दिवशीं पंढरपुरास जातांना अधिक स्पष्ट झाला.

वाट मोहोळावरून जाते. याच तालुक्यांत घाटणे नांवाचें लहानसें गांव आहे. २०२१ च्या दुसऱ्या लाटेंत तेथील तरुण सरपंच ऋतुराज देशमुख यांनीं गांवकऱ्यांना बरोबर घेऊन घरोघरीं तपासणी चालविली आणि गांव रोगमुक्त केलें. ३० मे २०२१ च्या भाषणांत मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनीं त्यांचें, दक्षिण सोलापुरांतील अंत्रोळीच्या सरपंच कोमल करपे यांचें व हिवरेबाजारच्या पोपटराव पवारांचें नांव घेऊन कौतुक केलें. मागाहून सरकारनें कोरोनामुक्त गांवांची स्पर्धाच राज्यभर जाहीर केली. गांवानें आधीं केलें, सरकारनें मागून शिकलें! घरोघरीं तपासणी पुण्यांतहि झाली होती आणि घाटण्यांतहि झाली. पण येथें दार ठोठावणारा माणूस ओळखीचा होता.

पंढरपुरास चंद्रभागेंत पाय बुडवितांना २०२० ची आषाढी आठवली. पायीं वारीचा शतकांचा नेम. परंतु पालखी सोहळ्यांच्या प्रमुखांशीं सरकारची बोलणीं झालीं आणि संतांच्या पादुका मोजक्या मंडळींसह एस.टी.नें आल्या. १ जुलैच्या एकादशीस लाखो वारकऱ्यांनीं घरींच उपास सोसला व मनानें वारी केली. पोलिसांचा पहारा होता, हें खरें. पण इतक्या माणसांना केवळ पहाऱ्यानें अडवितां आलें असतें, असें मला वाटत नाहीं. ज्यांचा त्याग होता त्यांना आधीं विचारलें होतें. विडी वळणाऱ्या बाईला मात्र कोणी विचारलें नव्हतें, आणि काकांनाहि नाहीं.

निघतांना मावशीनें एक चादर पिशवींत कोंबली. "सुनांना नातवंडांना सांग," ती म्हणाली, "पुन्हां कधीं साथ आली तर दुखणें लपवूं नका."

सांगेन असें मीं कबूल केलें. आणि आपल्या घरांतहि हें सांगावें अशी वाचकांस विनंति आहे. परंतु दुखणें उघड सांगणाऱ्याच्या दारांत पहिल्यानें कोण यावें, शिपाई कीं शेजारी, हेंहि साथ येण्यापूर्वींच आपण ठरविलें पाहिजे. साथ आल्यावर विचारावयास वेळ नसतो. तेव्हां फक्त हुकूम निघतात.