न्हाणीघरांतील बंब

एकत्र कुटुंबांत कलहास मोठें कारण लागत नाहीं, निमित्त पुरतें. आमच्या लातूरच्या घरीं गेले दोन हिवाळे तें निमित्त तांब्याच्या बंबानें पुरविलें. नांदेडच्या जुन्या वाड्यांतून तो येथें आणला, तेव्हां पहिलें घंगाळ वीस-पंचवीस मिनिटांत तापे. पुढें पाऊण तास लागूं लागला. तीर्थरूपांस पहाटे स्नान उरकून संध्येस बसावयाचें असतें. ते पंचा गुंडाळून कुडकुडत उभे राहात. खापर फुटलें तें थोरल्या वहिनींच्या माथीं. सरपण ओलें घालतात, बंब उशिरां पेटवितात, असें जो तो म्हणे. वहिनी कांहीं बोलल्या नाहींत. मात्र चारांऐवजीं साडेतीनास उठूं लागल्या.

वस्तूचा दोष आधीं वस्तूंत शोधावा, सुनेच्या अंगीं नव्हे, असें आमचें मत आहे. म्हणून एका रविवारीं बंब रिकामा करून आम्हीं तो अंगणांत घेतला.

त्याची रचना साधी. बाहेर पाण्याचें पिंप, मधोमध उभी नळी, तळाशीं जाळी. विस्तवाची उष्णता नळीच्या भिंतींतून पाण्यांत शिरते; न शिरलेली धुराबरोबर आकाशांत जाते. जाळी पाहिली तों निम्मीं छिद्रें राखेच्या खड्यांनीं बुजलेलीं. खालून हवा मिळेना, म्हणजे लाकूड जळण्याऐवजीं धुमसणार. आणि धुमसणें म्हणजे काजळी. नळींत ती सूतभर जाड, मखमलीसारखी साचली होती. तांबें उष्णतेचें उत्तम वाहक, पण काजळी जवळजवळ रजईच! ओल्या सरपणाचा आरोपही तपासला. वहिनी तुराट्यांवर बाभळीचीं खडखडीत वाळलेलीं लाकडेंच घालीत होत्या.

वरचें झाकण काढल्यावर पाण्याच्या अंगास पांढरा थर दिसला. नांदेडास हाच बंब गोदावरीच्या, विष्णुपुरीच्या पाण्यावर पोसला होता. येथें बोअरचें पाणी. काळ्या खडकांतून मुरलेल्या ह्या पाण्यांत कॅल्शियम बायकार्बोनेट विरघळलेलें असतें. पाणी तापलें कीं कार्बन डाय-ऑक्साइड वायु निघून जातो आणि चुनखडी भिंतीस चिकटून बसते. काजळीइतका हा थर नडत नाहीं, पण नडतो.

आणखी एक खोड घरानेंच लावलेली. २०१६ च्या दुष्काळांत १२ एप्रिल रोजीं मिरजेहून पाण्याची पहिली आगगाडी लातुरास आली; दहा वाघिणी, पांच लक्ष लिटर पाणी. त्या दिवसांत बंब अर्धाच भरण्याची लागलेली संवय पाऊस पडल्यावरही सुटली नाहीं. अर्ध्या बंबांत नळीचा वरचा भाग कोरडाच तापतो. सरपण तेवढेंच जळतें, आणि डाकाचे सांधे सुटण्याची भीति निराळीच.

धाकट्या बंधूंनीं विजेच्या गीझरची सूचना केली. ती आम्हीं धुडकावली नाहीं. पण पहाटे विजेचा दाब पडला तर तेथेंही हीच रड. २३० व्होल्टचा दाब १८० वर उतरला कीं गीझरची तार ६१ टक्केच उष्णता देते. कारण उष्णता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत घटते. गीझर धीमा वाटल्यास कारागीर बोलावण्याआधीं दाब मोजून पाहावा.

बंबाची जाळी कोरली, नळी काथ्याच्या कुंचल्यानें खरवडली, कढत पाण्यांत लिंबूसत्त्व घालून तें रात्रभर बंबांत ठेवलें. सकाळीं तोटींतून दुधासारखें गढूळ पाणी आलें. दोनदां धुवून बंब गळ्यापर्यंत भरला आणि पेटविला. पंचवीस मिनिटें लागलीं.

तीर्थरूपांनीं घड्याळ पाहिलें. संध्येनंतर ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशीं आले व म्हणाले, “सूनबाई, उद्यांपासून साडेचारास उठलीस तरी चालेल.”

“बरें, मामंजी,” एवढेंच वहिनी म्हणाल्या.

यंदाच्या नरकचतुर्दशीस अकरा माणसांचीं अभ्यंगस्नानें सूर्योदयापूर्वीं आटोपलीं. शेवटचें घंगाळ नेहमींप्रमाणें वहिनींचें होतें. एरवीं तें कोमट असे. ह्या वेळीं त्यांत विसण घालावें लागलें.